तळाला ठेवलेली पळीभर पेज

मित्रांनो, साताऱ्यातल्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कुणी 'थोरली आण गं' म्हटलं की जिच्या दांड्यावर हात पडायचा, ती पितळी पळी मी. आता माझा दांडा वाकला आहे. वाटीत आतून काळे-हिरवे डाग पडले आहेत. मोडीच्या दुकानात फुटक्या घागरी आणि चेपलेले तांबे यांच्या ढिगात मी पडून आहे.

दवाखान्याचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक इमारतीकडे बघतात आणि म्हणतात, छे, एवढा मोठा दवाखाना, तिथं असं कसं होईल?

आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी जन्म सांगतात, मग सुखाचे दिवस, मग हाल. मीही त्याच वाटेनं जाईन. पण आधीच एक सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच माझ्यासाठी हळहळणार नाही. वडूजकडची रशीदा नावाची एक मुलगी टायफॉइडमधून उठून आपल्या घरी गेली की नाही, एवढीच ही गोष्ट आहे. मी मधे मधे येते, कारण तिला पेज वाढणारी मी होते.

जन्म, थोडक्यात

सांगलीत सिकंदर मिस्त्रीनं मला घडवलं. पितळेचा जाड पत्रा ठोकून ठोकून त्यानं खोल वाटी केली, लांब दांडा जडवला आणि मग मला निखाऱ्यावर धरलं. वाटी तापल्यावर नवसागराची पूड टाकली, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवला. आतून मी चांदीसारखी झाले. याला कल्हई म्हणतात. ती असली की पितळ अन्नात उतरत नाही.

मला न्यायला हंबीरराव आला होता. कुंडलचा माणूस. पलटणीच्या लंगरात उभी हयात स्वयंपाक करून पेन्शनीत आला होता आणि आता दवाखान्याचं स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं. सगळे त्याला हवालदार म्हणत.

सिकंदर म्हणाला, "हवालदार, कल्हईला मला बोलवायला इसरू नगा. माणसाला जशी आंघोळ, तशी पितळेला कल्हई."

"माणसं कुठं आंघोळ करत्यात रं सिकंदर? पलटणीत बघितलंय मी," हंबीरराव म्हणाला. "भांडी मातर रोज करत्यात."

सुखाचे दिवस

सुखाचे म्हणजे कडक शिस्तीचे. मी तेव्हा कुरकुरत असे. आता त्यांना सुखाचे म्हणते.

सकाळी वाढपी आले की हंबीरराव त्यांना ओळीत उभं करायचा आणि हात पुढं करायला लावायचा. "नखात शेत पिकवलंय का रं? जा, कापून ये." कुणी खोकला तर त्याला वाढायला सोडायचा नाही, लाकडं फोडायला पाठवायचा. बोटाला चिंधी बांधलेल्या बाईला पातेल्याजवळ येऊ द्यायचा नाही. लोक पाठीमागं त्याला हसत. "हवालदाराला वाटतंय, अजून चीनच्या बॉर्डरवरच हाय," असं म्हणत.

त्याचा मोठा नियम संध्याकाळचा. पंगत उठली की पातेल्यात जे उरलं असेल ते मागच्या खड्ड्यात ओतायचं. मग राखेनं आणि कढत पाण्यानं पातेलं घासायचं आणि फरशीवर पालथं घालायचं. मलाही घासून खिळ्याला उलटी टांगायचा. "उरलं ते ओतलं, धुतलं ते पालथं," हे तो इतक्या वेळा बोलायचा की कावळेसुद्धा ते ऐकून खड्ड्यापाशी जमत.

साळूबाई आली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतली. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली होती. सरकारी सुकडी पदरात बांधून घरी नेली होती. काम बंद झालं, पाऊस आला, पण बियाणंच पोटात गेलेलं होतं. म्हणून ती साताऱ्याला आली आणि दवाखान्यात स्वयंपाकाला लागली. हाताला चव होती. जिभेवर तिखट होतं.

पहिल्या संध्याकाळी हंबीररावानं पेजेचं पातेलं खड्ड्यावर तिरपं केलं आणि ती धावत आली.

"आवं हवालदार, ह्ये काय करताय?"

"ओततोय."

"अन्न हाय त्ये!"

"सकाळी हुतं. आता त्यात आजार हाय."

"बहात्तरला तुमी कुठं हुता?"

"पठाणकोटला. का?"

"तरीच."

पातेलं घासून त्यानं पालथं घातलं. मग मात्र साळूबाईचा चेहराच उतरला.

"त्येवढं नगा करू," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पालथं भांडं म्हंजी घर बसलं. आमची समदी भांडी सालभर पालथी हुती. तळाला पळीभर तरी ठिवावं हवालदार. भांड्याचा तळ दिसू द्येऊ न्हाई. आमच्यात न्हाई द्येत."

"बाई, उताण्या भांड्यात झुरळं नांदत्यात."

"नांदू द्या की. कुणीतरी नांदतंय."

हंबीरराव हसला. साळूबाई हसली नाही.

मित्रांनो, दोघंही आपापल्या जागी खरे होते. तुम्हाला शाळेत एकच बरोबर उत्तर द्यायला शिकवतात. मी तिथं खिळ्याला उलटी लटकले होते आणि मला तिचं बोलणं पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

मानसन्मान

दवाखाना चालवणाऱ्या मंडळींनी स्वयंपाकघर ठेक्यानं द्यायचं ठरवलं. ठेका भाऊसोला मिळाला. त्यानं लग्नाच्या पंगती उठवल्या होत्या, जत्रेचे प्रसाद केले होते, आणि मंडळींपैकी एकाचा तो भाचा होता. तोंडात पान, अंगात पांढरा सदरा, बोलणं लोण्यासारखं. पहिल्याच आठवड्यात त्याचं आणि हंबीररावाचं खड्ड्यापाशी वाजलं.

"हवालदार, ह्यो खड्डा भरता का माझा खिसा रिकामा करता?"

"भाऊसो, लग्नाला येणारा माणूस धडधाकट असतोय. त्यो शिळं पचवतोय. हितं येणारा आधीच पडलेला असतोय."

"तुमी डॉक्टर हाय का?"

"न्हाई."

"मग डॉक्टर सांगतील तवा बघू."

हंबीररावानं आपली ट्रंक बांधली. जाताना साळूबाईला एवढंच म्हणाला, "पातेलं पालथं घालत जावा." ती म्हणाली, "व्हय." त्याची एस.टी. सुटली त्या संध्याकाळी तिनं म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेऊन मला पेजेत बुडवलं, एक पळी मोजून तळाला ठेवली, वर ताट झाकलं आणि पातेलं उताणंच राहू दिलं. सकाळी त्याच पळीभर पेजेवर ताजं पाणी आणि ताजे तांदूळ पडले.

भाऊसोनं ते पाहिलं.

"मावशी, ह्ये काय?"

साळूबाई घाबरली. "बरकतीसाठी ठिवलंय मालक. पळीभर."

"पळीभरच?" भाऊसो मनापासून म्हणाला. "उरलं तेवढं समदं ठिवा की. बरकत काय मोजून घ्यायची असती व्हय?"

असं झालं. तिची पळीभर होती, त्याचं पातेलंभर झालं. तिचा नेम होता, त्याची सोय झाली. संध्याकाळची घासणारी बाई कमी झाली. कढत पाण्याचं सरपण वाचलं. खड्ड्यात गवत उगवलं. साळूबाईला वाटलं, शेवटी एक माणूस भेटला, ज्याला अन्नाची किंमत कळते.

सिकंदर मिस्त्री भाता खांद्यावर टाकून सांगलीहून आला, तेव्हा भाऊसोनं त्याला फाटकातूनच परतवलं. "आता स्टीलची भांडी येणार हायत, मिस्त्री. तुमची कल्हई म्युझियमात लावा." सिकंदरनं मला लांबून पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. स्टीलची भांडी आली नाहीत, आणि सिकंदरही पुन्हा आला नाही.

आता सन्मान. त्याशिवाय आत्मवृत्त पुरं होत नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या वर्षी स्वयंपाकघरात पाट मांडला, विळी, झारा, कढई आणि मी त्यावर बसलो. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मंडळींचे आप्पासो, म्हणजे भाऊसोचे मामा, स्वतः आले. त्यांनी साळूबाईला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "ही बाई दुष्काळातून आली आहे. आपल्या दवाखान्यात अन्नाचा एक कण वाया जात नाही, तो हिच्यामुळं." टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या. तिला हिरवं लुगडं मिळालं. ती रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला कुणी चांगलं म्हटलं होतं.

मानसन्मानाबद्दल अजून थोडं

हार दुसऱ्या दिवशी सुकला. कुणी काढला नाही. चार पाकळ्या पेजेत पडल्या. त्या मीच वर काढल्या आणि पुढं वाढत राहिले.

रशीदा

चैत्र संपता संपता ती आली. अंगात ताप, ओठ फुटलेले. आई अख्तरबी बरोबर होती. वडूजच्या बाजारात बापाचं बांगड्यांचं दुकान. रशीदा मॅट्रिक झाली होती आणि डी.एड.ला तिचा नंबर लागला होता. जूनमध्ये तिथं हजर व्हायचं होतं. "जूनपतूर उठीन ना मी?" हा प्रश्न ती डॉक्टरांना, नर्सला, झाडूवाल्याला, सगळ्यांना विचारायची.

पातेल्यात उभी असताना मला माणसं दिसत नसत, आवाज येत. चाकांच्या गाडीवरून आम्ही वॉर्डात शिरलो की तिचा आवाज मी ओळखायचे. आधी तो नुसता श्वास होता. मग शब्द झाला. मग टोमणा झाला.

"साळूमावशी, ह्या पेजंत भात शोधायला कंदील आणू का?"

"आण की. आन सापडला तर मला बी दाव."

"शिक्षकीण झाले की पहिला धडा ह्योच. पेज म्हंजी काय? तर भातानं आंघोळ केलेलं पाणी."

"आगं पी, सटवे. पोरांना शिकवाय अंगात जोर लागतोय. ही नुसती बोलूनच मारंल पोरास्नी."

साळूबाई मग मला तळापर्यंत खुपसायची आणि तळची घट्ट पेज रशीदाच्या वाटीत घालायची. बाकीच्यांना वरची पातळ, हिला तळची. जीव लावणं तिला दुसऱ्या कुठल्या रीतीनं येत नव्हतं.

डॉक्टर एकदा खाटेपाशी अख्तरबीला म्हणाले, "ताप उतरला म्हणून आजार गेला असं समजू नका. हिचं आतडं अजून कागदासारखं आहे. दोन घास कमी चालतील, पण जड काही नको, बाहेरचं काही नको. दवाखान्याचंच द्या."

दवाखान्याचंच द्या.

एक सकाळ

वैशाख होता. रात्रीसुद्धा भिंती हात लावू देत नव्हत्या. आदल्या दिवशी पुष्कळ रोगी घरी गेले होते, म्हणून पेज खूप उरली होती. ती तशीच, उताण्या पातेल्यात, झाकणाखाली राहिली. सकाळी तिच्यावर पाणी आणि तांदूळ पडले, उकळी आली, मीठ पडलं. साळूबाईचं सारं आयुष्य शिळ्या भाकरीवर आणि आंबलेल्या कण्यांवर गेलं होतं आणि तिला कधी काही झालं नव्हतं. उकळी आली की अन्न नवं होतं, असं ती मानत होती. सगळेच मानत होते.

पण सुकी भाकरी आणि ओली पेज यांत फरक असतो. गरम हवेत रात्रभर राहिलेल्या ओल्या भातात जे विष तयार होतं, ते कधी कधी उकळीलाही दाद देत नाही. हे आधी कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणता येत नाही. पळीला सांगून काय उपयोग?

रशीदाला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. अख्तरबीनं वळकटी बांधायलाही घेतली होती. साळूबाईनं वाटी भरली.

अख्तरबीनं वाटी हातात घेतली आणि नाकापाशी नेली. "साळूबाई, कवाची हाय ही?"

"आत्ता उतरली. वाफ निघतीया, दिसत न्हाई व्हय?"

"वाफ दिसती गं. वास बी येतोय."

साळूबाईचा हात थांबला. माझ्या दांड्यावरची तिची मूठ आवळली, ती मला कळली. "एवढी माणसं जेवत्यात माझ्या हातचं," ती म्हणाली. "आजपतूर कुणी नाव न्हाई ठिवलं. आप्पासोंनी लुगडं दिलंय मला ह्या हातावर. तुला वास येतोय तर र्‍हाऊ दे. मी आपली प्रेमानं आणली."

सगळा वॉर्ड बघायला लागला.

"अम्मी, दे हिकडं," रशीदा म्हणाली. "माझ्या तोंडाला चव न्हाई, आन तुझ्या नाकाला काय झालं? आजची शेवटची हाय. मावशीला असं पाठवू व्हय?" आणि तिनं वाटी तोंडाला लावली. रिकामी करून पुढं केली. "बघ. अजून एक घाल गं मावशी. तळची."

साळूबाईनं डोळे पुसले आणि मला तळापर्यंत खुपसलं.

दुसरी सकाळ

दुपारपासून वॉर्डात उलट्या सुरू झाल्या. पेज घेतलेल्या पुष्कळांना झाल्या. बहुतेक सगळे दोन दिवसांत सावरले.

रशीदा पहाटे गेली. कागदासारखं आतडं ओकाऱ्यांनी फाटलं, असं नर्स झाडूवाल्याला सांगत होती. अख्तरबीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. साळूबाई तेव्हा चुलीत फुंकर घालत होती. ती फुंकर घालतच राहिली. जाळ कधीच पेटला होता.

तीच सकाळ, पुन्हा

आता ती सकाळ जशी व्हायला हवी होती तशी सांगते. मला एवढी मुभा द्या.

आदल्या संध्याकाळी उरलेली पेज कुणीतरी खड्ड्यात ओतली. राखेनं पातेलं घासलं. पातेलं रात्रभर पालथं राहिलं. सकाळी पाणी नवं, तांदूळ नवे. अख्तरबीनं वाटी नाकाशी नेली आणि काही न बोलता पोरीच्या हातात दिली. रशीदा म्हणाली, "आज बी कंदील इसरले." दुसऱ्या दिवशी ती आईच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. जूनमध्ये ती हजर झाली. पुढं कुठल्यातरी गावात तिनं तुमच्यासारख्यांना शिकवलं, आणि तुम्ही तिला फार बोलते म्हणून नावं ठेवली.

ही सकाळ झाली नाही.

निकाल

चौकशीला वरून एक मोठे डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर आप्पासो होते, भाऊसो होता. त्यांनी तांदळाची पोती पाहिली, विहिरीचं पाणी पाहिलं, मग भिंतीवरून मला उतरवलं आणि उजेडात धरलं.

"हिची कल्हई कुठं आहे?"

कल्हई खरंच नव्हती. सिकंदरला परतवल्यापासून ती झिजत गेली होती आणि आत सगळं पिवळं उघडं पडलं होतं. मी ते नाकारत नाही. ते वाईटच होतं, आज ना उद्या तेही कुणाला बाधलं असतं.

"पितळ उतरलं अन्नात," मोठे डॉक्टर म्हणाले. "हेच कारण."

त्याच दिवशी त्याच पळीनं, म्हणजे मी, दुसऱ्या वॉर्डात ताज्या पातेल्यातली आमटी वाढली होती. चिंचेची, आंबट. पितळ उतरायचं तर तिच्यात आधी उतरलं असतं. ती खाणारे ठणठणीत होते. हे कुणी विचारलं नाही. पातेलं कधी धुतलं होतं, तेही कुणी विचारलं नाही. एक गुन्हेगार सापडला होता. त्याला तोंड नव्हतं, नातेवाईक नव्हते आणि तो कुणाचा भाचाही नव्हता.

भाऊसो साळूबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "सुटलो मावशी. पळीवर गेलं."

"पळीवर?"

"व्हय. तुमी बी सुटला, मी बी सुटलो. उद्या नवी स्टीलची आणतो."

मला मागच्या अंगणात, भंगारात टाकलं. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं.

दारातलं बोलणं

अख्तरबी दवाखान्याची वाटी परत द्यायला आली. घासून पुसून आणली होती. चुकून सामानात वडूजला गेली होती म्हणे. एका वाटीसाठी ती बाई एस.टी.नं परत आली, हे मला तेव्हा खरं वाटलं नाही. ती वाटीसाठी आली नव्हतीच.

"पळी बदलली म्हणं," अख्तरबी म्हणाली.

"व्हय," साळूबाई म्हणाली.

"आन पातेलं?"

साळूबाई हातानं उंबऱ्यावरची राख झटकायला लागली.

"पातेलं कवा धुतलंतं, साळूबाई?"

आतून चुलीचा चटचट आवाज येत होता. साळूबाईनं तोंडात पदर धरला. "आगं, आमच्यात भांड्याचा तळ दिसू द्येत न्हाईत. मी वाईट न्हाई केलं अख्तरबी. मी लय उपास बघितल्यात. मी अन्न टाकू शकत न्हाई."

"मला म्हाईत हाय. तुझा हात वाईट न्हाई. म्हणून तर ती प्यायली." अख्तरबीनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. "माझ्या पोरीला वास आला हुता. मी तिची आई हाय, मला तिचं तोंड कळतंय. तिनं तुझं मन राखलं."

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. निघून गेली. ओरडली असती तर साळूबाईला सोपं गेलं असतं.

साळूबाईनं काय केलं

त्याच संध्याकाळी पंगत उठली. नव्या स्टीलच्या पळीनं वाढप झालं. पातेल्यात पेज उरली होती, अर्ध्याला आली असेल. साळूबाई पातेल्यासमोर बसून राहिली. मग उठली, दोन्ही कड्यांना धरून पातेलं ओढत अंगणात आणलं. खड्डा आता दिसत नव्हता, गवत माजलं होतं. तिनं पायानं गवत दाबलं आणि पातेलं तिरपं केलं.

पेज जात असताना ती "माफ कर, माफ कर," असं पुटपुटत होती. अन्नाला म्हणत होती की पोरीला, मला कळलं नाही. मग राख घेतली आणि तळ घासायला लागली. तळाला जुना थर बसला होता, कावीसारखा. नखांनी खरवडला. कढत पाणी ओतलं. आणि मग दुष्काळातून आलेल्या त्या बाईनं आपल्या हातानं पातेलं पालथं घातलं.

भाऊसो पान चघळत आला.

"मावशी! भांडं पालथं? कोण मेलंबिलं का काय?"

"व्हय. रशीदा मेली."

त्याचं चघळणं थांबलं. "त्ये झालं की मिटून. पळीवर गेलं म्हणून सांगितलं न्हवं? पेज कुठं हाय?"

"ओतली."

"समदी?"

"समदी. आन उद्या बी ओतणार. रोज ओतणार."

"मग तुमाला लुगडं कशाला दिलं हुतं आमी?"

"धुऊन ठिवलंय," साळूबाई म्हणाली. "घेऊन जावा."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. कारण असं सांगितलं की ही बाई अन्नाची नासाडी करते. अन्नाची नासाडी, आणि ती साळूबाई! गावातही ते लगेच पटलं. "दुष्काळातनं आली, पोट भरलं, आन माजली," लोक म्हणाले. तिच्यासाठी टाळ्या वाजवणारे तेच. नवीन बाई आली. तिनं पातेलं उताणं केलं. भाऊसोनं तिला उरलेलं कसं झाकून ठेवायचं ते दाखवलं.

थोड्या दिवसांनी भंगारवाला आला आणि मी तिथून गेले. साळूबाई कुठं गेली ते मला ठाऊक नाही.

विनंती

मित्रांनो, या जागी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझी कल्हई उडाली आहे, मला वितळवा.

तुम्हाला शिकवलं आहे की पानात टाकू नये. ते खरं आहे, पानात टाकू नका. पण दवाखान्याच्या पातेल्यात काल उरलेलं जे असेल, ते टाकायला लावा. कुणी म्हणेल, लोक उपाशी आहेत आणि तुम्ही अन्न फेकता. म्हणू द्या. उपाशी माणसाला शिळं द्यायचं की ताजं शिजवायचं, हा प्रश्न त्यांना विचारा. ते उत्तर देणार नाहीत.

आणि कधी आजारी पडाल, किंवा तुमच्या घरचं कुणी खाटेवर असेल, आणि एखादी प्रेमळ बाई वाफाळती वाटी घेऊन समोर उभी राहील, तेव्हा विचारा, हे कधी शिजवलं, भांडं कधी धुतलं. तुम्हाला विचारायची लाज वाटेल. तिचे डोळे भरून येतील. सगळा वॉर्ड तुमच्याकडे बघेल.

तरी विचारा. तिचं मन दुखेल. दुखू द्या.